काकाजींना न सापडलेलं लीक

आपल्या हातून चूक होऊ शकते, ही शक्यताच ज्यानं आयुष्यात कधी विचारात घेतली नाही असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. आमच्या लग्नाला काकाजी तापामुळे येऊ शकले नव्हते. पुढं मला यवतमाळच्या कॉलेजात नोकरी लागली आणि मी एकटाच रुजू व्हायला आलो, तेव्हा मला घ्यायला ते एसटी स्टँडवर सायकल घेऊन उभे होते. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यानं त्यांचं काही अडत नसे. गाडीतून माझ्या आधी उतरलेल्या एका गृहस्थाच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली, सायकलच्या कॅरिअरला लावली आणि 'चला जावईबुवा' म्हणून ते निघालेसुद्धा. तो बिचारा विम्याचा एजंट होता. पुढं काकाजी, त्यांच्यामागं 'अहो, माझी पिशवी' म्हणत तो, आणि बायकोनं केलेल्या वर्णनावरून काकाजींना ओळखून त्या दोघांच्या मागं मी, अशी आमची वरात घरापर्यंत गेली. काकूंनी लग्नाचा फोटो पाहिला होता, त्यामुळे दारातच घोटाळा उघडा पडला. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. काकाजींनी एजंटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मंग तुमी जावयासारखे कायले दिसता?" एजंटानं चक्क माफी मागितली. त्याला चहा पाजून, फाटकापर्यंत पोचवून, 'पुढच्या वक्ती जपून' असंही काकाजींनी बजावलं.

छत्तीस वर्षं ते मोजणी खात्यात होते. झरी जामणीच्या जंगलापासून कळंबच्या काळ्या रानापर्यंत या जिल्ह्यातली कोणती जमीन त्यांनी साखळी ओढून मोजली नाही, हे सांगणं कठीण. भावाभावांनी कुऱ्हाडी काढलेल्या असायच्या आणि काकाजी मधोमध छत्री रोवून म्हणायचे, "आधी हद्द कायम करा. मंग भांडा." या एका वाक्यावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि निवृत्तीनंतर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, जुन्या डिझेल मोटारींच्या दारांची कुलपं दुरुस्त करायला घेतली.

ही कुलपं साधी नसत. त्या काळी जिल्ह्यात परदेशी बनावटीच्या पाचसहा जुन्या, रणगाड्यासारख्या डिझेल गाड्या उरल्या होत्या. त्यांची दारं विजेवर नव्हे, हवेच्या ओढीवर बंद होत. इंजिनावरचा एक पंप बारीक नळ्यांतली हवा ओढून घेई. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावून फिरवली की ती ओढ बाकीच्या दारांपर्यंत पोचे आणि खट्, खट्, खट् अशी कुलपं आपोआप खाली बसत. गॅरेजवाले याला व्हॅक्यूम म्हणत, काकाजी व्याकूम म्हणत. नळीला कुठं सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की बाहेरची हवा आत शिरे, ओढ मरे आणि कुलपं संपावर जात. शिवाय इंजिन बंद करायचं कामही याच ओढीकडे असल्यामुळे, लीक मोठं असलं तर किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं गुरगुरत राही.

समोरच्या डॉक्टरांकडे अशी एक गाडी होती. नागपूरहून आणलेला मिस्त्री तीन दिवस तिच्या दारांशी झटला आणि हात टेकून बसला. काकाजी ते तीन दिवस व्हरांड्यातल्या खुर्चीवरून बघत होते. त्यांनी जन्मात पाना हातात धरला नव्हता. चौथ्या दिवशी ते रस्ता ओलांडून गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "हा माणूस चांगला आहे, पण याले मोजणी येत नाई." मग त्यांनी गाडीचे पोटहिस्से पाडले. नळ्यांचे सांधे एकेक सोडवून त्यांत पेन्सिलीचे तुकडे खुपसले, म्हणजे तेवढा हिस्सा बंद. ओढ टिकली तर लीक त्या बंद हिश्शात, नाही टिकली तर उरलेल्यात. असं अर्ध्याचं अर्धं करत त्यांनी दोन तासांत उजव्या मागच्या दारातलं फाटकं रबर बाहेर काढलं आणि डॉक्टरांच्याच दवाखान्यातली सलाईनची नळी कापून तिथं बसवली. चारही दारं खट्‌कन बंद झाली. मिस्त्री काकाजींच्या पाया पडला, त्याला त्यांनी पडू दिलं.

त्या दिवसापासून घराची कळाच बदलली. सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर उलटं बसवून काकाजींनी हवा भरायच्या ऐवजी हवा ओढणारा पंप तयार केला. प्रत्येक गाडीचा हिरव्या शाईतला नकाशा भिंतीवर लागला. पण खरं हत्यार म्हणजे त्यांचं तोंड. नळीचं टोक ओठांत धरून ते गाल आत ओढत, डोळे मिटत आणि जिभेला टोक चिकटून राहतंय की सुटतंय यावरून निकाल देत. याच्यासाठी त्यांनी खर्रा सोडला. तंबाखू, चुना आणि सुपारी घोटून केलेला खर्रा यवतमाळकराच्या तोंडातून काढणं हे वाघाच्या तोंडातून बकरी काढण्यापैकी. काकूंनी त्यासाठी तीस वर्षं उपास केले होते. "मी म्हणली तर आयकलं नाई," त्या मला म्हणाल्या, "आता त्या मोटारीच्या दाराचं आयकलं. दार काय नवसाचं आहे?"

लीक सापडेपर्यंत गाडीवाल्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा काकाजींचा नेम होता; आणि दोन तासांच्या वर कोणतंच लीक आपल्यापुढं टिकलं नाही, असा त्यांचा दावा. तो खराही होता. राजूरचा एक कोळशाचा ठेकेदार एकदा गाडी घेऊन आला, तो किल्ली हातात नाचवत आणि गाडी मागं सुरूच. आदल्या दिवशी तो वणीला एका मयतीला गेला होता. गाडी बंद होईना म्हणून ती दाराशी धडधडत राहिली आणि घरच्यांना वाटलं, याला निघायची घाई झाली आहे. एका म्हाताऱ्यानं त्याला तोंडावर सांगितलं, "तुले इतकंच काम असन तर जाय ना बाबू, आमी उरकून घेतो." ठेकेदार रडकुंडीला आला होता. काकाजींनी बॉनेट उघडून हातानं इंजिन बंद केलं, नळ्यांतून मूठभर कोळशाची पूड काढली, फुटलेला सांधा बदलला आणि घड्याळ पाहिलं. पाऊण तास. "माणूस चुकते, नळी चुकत नाई," ते म्हणाले. या वाक्यातल्या 'माणूस' शब्दात ते स्वतःला धरत नसत, हे सांगायला नकोच.

आणि म्हणूनच, कळंबच्या शेठजींची गाडी त्यांना दहा आठवडे दुरुस्त करता आली नाही, याची चर्चा जिल्ह्यात झाली.

कापसाचे ते वाईट दिवस होते. बोंडाला अळी, भावाला मंदी, आणि एकामागून एक जिनिंग बंद पडत चाललेलं. कळंबच्या रस्त्यावर या शेठजींचं जिनिंग होतं. तिथं सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची घरघर हंगामात रस्त्यापर्यंत ऐकू यायची. ती दोन हंगाम ऐकू आली नव्हती. जिनिंगची जागा काकाजींनीच कधीकाळी मोजून दिली होती, तेव्हापासूनची दोघांची ओळख. एके दिवशी शेठाणी स्वतः बसनं यवतमाळला आल्या, काकूंच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि रडल्या. शेठजी सकाळी उठून बंद जिनिंगच्या शेडमध्ये जात, तिथं उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या डिझेल गाडीत मागच्या सीटवर बसत आणि काचा लावून घेत. जेवायला बोलावलं तर येत, जेवून पुन्हा जाऊन बसत. कोणाशी बोलत नसत. मुलगा सुरतेहून येऊन समजावून गेला होता. "भाभी, मुझे डर लगता है," त्या म्हणाल्या. कसली भीती ते कोणी विचारलं नाही. त्या वर्षांत आमच्याकडे ते विचारावं लागत नव्हतं.

काकाजी बाहेर बसून ऐकत होते. ते आत आले आणि एवढंच विचारलं, "वहिनी, त्या गाडीचे दारं लागतात का बरोबर?" शेठाणी बावचळल्या. म्हणाल्या, दोन वर्षांपासून लागत नाहीत. "मंग सांगाचं ना आधी," काकाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागं बसून ते निघाले. मांडीवर पंप, खिशात पेन्सिली. शेडमध्ये अंधारल्यासारखं होतं, आणि त्या पांढऱ्या गाडीत मागं डाव्या बाजूला दाराला पाठ टेकून शेठजी बसले होते. दाढी वाढलेली. काकाजींनी काचेवर टकटक केलं. बऱ्याच वेळानं काच चार बोटं खाली आली.

"मोजणीदार? काय काम हाय?"

"गाडीचं व्याकूम गेलं म्हणे."

"सगळंच गेलं, भाई."

"सगळ्याचं मले माहीत नाई. दाराचं पाहू द्या."

शेठजी उतरले नाहीत. काकाजींनी आग्रह केला नाही. मला इंजिन सुरू करायला लावून ते गाडीभोवती एकदा फिरले, शेठजींच्या खिडकीपाशी क्षणभर वाकले, आणि मग पलीकडून पुढचं दार उघडून बसले. दाराचं आतलं अस्तर काढलं, नळी मोकळी केली आणि तिचं एक टोक मागं शेठजींच्या तोंडासमोर धरलं. "हे तोंडात धरा अन् ओढा."

"मी?"

"मंग कोण? जावईबुवा प्रोफेसर आहेत, त्याईले फक्त हवा सोडता येते."

शेठजींनी नळीकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं. ज्या माणसासमोर शेदीडशे मजूर उभे राहत, त्याच्या ओठांत काकाजींनी नळी दिली. शेठजींनी ओढली. पुढच्या दाराचं कुलूप खट्‌कन खाली बसलं. शेठजी त्या कुलपाकडे बघत राहिले. "आता सोडा," काकाजी म्हणाले. "आता पुन्हा ओढा." दोन तास हेच चाललं. लीक सापडलं नाही. "शुक्रवारी येतो," काकाजी म्हणाले, आणि पंप मांडीवर घेऊन स्कूटरवर बसले.

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीनं कळंबला जाऊ लागले. पहिला महिना गेला. लीक सापडलं नाही. मोजणी खात्यातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांनी कळंबच्या गणपतीला नारळ कबूल करायचा सल्ला दिला. "चिंतामणी तिथंच आहे, जाता जाता विचारून घ्या," एक जण म्हणाला. नागपूरचा तो पाया पडलेला मिस्त्रीसुद्धा चौकशी करून गेला. काकूंना काळजी लागली. "यांचं काही तरी बिघडलं," त्या मला म्हणाल्या. "त्या घरी पाणी पेत नाईत, म्हणून घरून दोन तांबे पिऊन जातात." मीही चेष्टा केली. म्हटलं, काकाजी, दोन तासांचा नियम आता दोन महिन्यांचा करून टाका. एरवी माझी साल काढली असती त्यांनी. तेव्हा नुसते म्हणाले, "गाडी जुनी आहे."

आठव्या आठवड्यात, मला सुटी होती म्हणून, मी पुन्हा त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. शेडमध्ये गेलो तर शेठजी गाडीबाहेर! सदऱ्याच्या बाह्या दुमडून ते उजव्या मागच्या दाराशी उकिडवे बसले होते, दाढी केलेली होती आणि तोंडात नळी होती. काकाजी त्यांना रागवत होते, "गाल आत घ्या, गाल! लहान लेकरू ओढते तुमच्यापेक्षा." शेठजीही ऐकून घेत नव्हते. "तुमच्या मोजणीनं आमच्या हद्दीच्या धुऱ्याचे तीन हात गेलते, मोजणीदार, मले शिकवू नका." मी रिकामा उभा होतो म्हणून गाडीच्या डाव्या बाजूला गेलो. इंजिन सुरू होतं. मागच्या डाव्या दारापाशी, शेठजी पूर्वी पाठ टेकून बसत त्याच दारापाशी, मला स्पष्ट ऐकू आलं. साप फुसफुसावा तशी बारीक, सलग हवा ओढली जात होती. बहिऱ्यालाही कळली असती.

"काकाजी," मी उत्साहानं ओरडलो, "अहो, लीक तर इथं..."

काकाजी गाडीला वळसा घालून आले आणि माझ्या पायावर पाय देऊन उभे राहिले. सबंध वजनानिशी. "तिथं काही नाई," ते मोठ्यानं म्हणाले. "त्या दाराची हद्द मी पहिल्याच दिवशी कायम केली. स्कूटरवर येऊन येऊन तुमच्या कानात वारं बसलं जावईबुवा."

परत येताना वाटेत एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. पाय ठणकत होता. मी विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

काकाजींनी बशीत चहा ओतला. "त्याच्या खिडकीपाशी वाकलो तवाच आयकू आलं," ते म्हणाले. "त्याच्या पाठीमागंच होतं. ते दार उघडासाठी त्याले उठवा लागलं असतं. अन् उठवून, पाच मिनिटात दुरुस्त करून, मी काय करणार होतो? घरी येणार होतो." त्यांनी चहा फुंकला. "थो पुन्हा बसला असता."

"पण लोक तुम्हाला..."

"हसून राह्यले, मले माहीत आहे." बशी रिकामी करून ते उठले. "हे घरी बोलाचं नाई. काकूले तर नाईच. तिच्या पोटात काही राहत नाई."

दहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी काकाजी कळंबला पोचले तर शेठजी फाटकाशीच वाट बघत होते. त्यांनी काकाजींना दंडाला धरून शेडमध्ये नेलं, ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली आणि फिरवली. खट्, खट्, खट्, खट्. मग इंजिन सुरू करून किल्ली काढली. इंजिन गप्प झालं. जमिनीवर एका वर्तमानपत्रावर राखट पांढरा गोळा ठेवला होता. डाव्या मागच्या दारात उंदरांनी घर केलं होतं. जिनिंगच्या शेवटच्या हंगामातला कापूस, सरकीसकट, त्यांनी दारात नेऊन ठासला होता आणि जाता जाता नळी कुरतडली होती. "सगळे व्यापारी पळाले मोजणीदार," शेठजी म्हणाले, "शेवटचा माल यांनी उचलला," आणि ते हसायला लागले. शेठाणी हातात ताट घेऊन शेडच्या दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. दोन वर्षांत तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता.

हसून झाल्यावर शेठजी काकाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बुढ्ढे हो गये भाई तुम! दहा हप्ते तुमाले सापडलं नाई, मी एका सकाळी काढलं." त्या दिवशी काकाजी त्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायले. जेवलेही.

ही बातमी शेठजींनी वणीपासून पुसदपर्यंत पोचवली. नेहमीच्या गाड्यांचे मालक आता शेठजींना बोलावू लागले. शेठजी काकाजींना बरोबर घेत. म्हणजे शेठजी तोंडात नळी धरत आणि काकाजी पंप सांभाळत. गाडीमालकाच्या ओसरीवर शेठजी ते दहा आठवड्यांचं आख्यान लावत, लोक हसत, आणि ज्यानं विम्याच्या एजंटाला जावई नसल्याबद्दल झापलं होतं तो माणूस खाली बघून म्हणे, "होते कधी कधी." एकदा शेठजींनी चुकीच्या सांध्यात पेन्सिल खुपसलेली मी पाहिली. काकाजींनीही पाहिली. त्यांचा हात नुसता पुढं झाला आणि पुन्हा पंपावर गेला. शेठजींना ती चूक कळायला दीड तास लागला. तो दीड तास काकाजी कसे बसले असतील, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल.

जिनिंग पुन्हा सुरू झालं नाही. ती शेड शेठजींनी एका दालमिलवाल्याला भाड्यानं दिली आणि ते त्याच्याकडे रोज जाऊन बसू लागले, बोलू लागले, भांडूही लागले. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. काकाजी पुढं बारा वर्षं जगले आणि एका दुपारी, जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आता शेठजीही राहिले नाहीत, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

काकाजींच्या तेरवीला शेठजी कळंबहून आले होते. जेवणं झाल्यावर माणसं मांडवात बसली, गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघाल्या आणि शेठजींनी आपली ठेवणीतली गोष्ट सुरू केली. पंप, पेन्सिली, दहा आठवडे, उंदीर, सगळं. लोक हसले, काकूही पदर तोंडाला लावून हसल्या. पण या वेळी शेठजींना शेवट करता येईना. चष्मा काढून पुसत ते माझ्याकडे वळले.

"इतका हुशार माणूस," ते म्हणाले, "पण तेवढं एक नाई सापडलं त्याले. हाय का नाई, प्रोफेसर?"

काकू माझ्याकडे बघत होत्या. मांडवातली सगळीच बघत होती. सांगावं असं अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही सापडलं," मी म्हणालो. "तेवढं एक नाहीच सापडलं."